ऑपरेटिंग सिस्टीम आपण निवडतो, की ती गळ्यात पडते?

बूटसेक्टर (धागाकर्ता)

विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येक गटात एकच वाद ऐकतोय. अर्धे म्हणतात, लिनक्स फुकट आणि उत्तम असून लोक घेत नाहीत, कारण लोकांना अक्कल नाही. उरलेले म्हणतात, विंडोज चांगलं होतं म्हणूनच पसरलं. दोघांनीही गृहीत धरलंय की कुणीतरी दुकानात जाऊन दोन ऑपरेटिंग सिस्टीम शेजारी ठेवून पारखल्या आणि एक उचलली. असं जवळपास कधी घडलेलंच नाही.

सुरुवात बघा. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने पीसी बाजारात आणला. घाई इतकी होती की फ्लोरिडातल्या बोका रॅटनच्या त्या छोट्या गटाने बाजारात मिळतील तेच भाग उचलले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८ आणि ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टची. मायक्रोसॉफ्टकडे तरी ती कुठे तयार होती? सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाच्या छोट्या कंपनीत टिम पॅटरसनने लिहिलेली ८६-डॉस त्यांनी आधी परवान्यावर आणि मग कायमची विकत घेतली, सगळे मिळून ७५ हजार डॉलरला. त्या काळी छोट्या संगणकांवर खरा दबदबा गॅरी किल्डॉलच्या सीपी/एमचा. आयबीएमने तीही विकायला ठेवली होती, पण पीसी-डॉस (म्हणजे मायक्रोसॉफ्टने दिलेली तीच डॉस) ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ २४० डॉलरला, तीही काही महिने उशिरा. (किल्डॉल त्या दिवशी विमान उडवायला गेला म्हणून सौदा हुकला, ही दंतकथा सगळ्यांना पाठ असते. हे दोन आकडे कुणाला माहीत नसतात.)

खरी मेख करारात होती. डॉस इतरांना विकायचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे राखला. आयबीएमच्या पीसीत खास आयबीएमचं म्हणावं असं फक्त बायोस (मशीन सुरू करणारा, आत कायमचा बसवलेला कोड) उरलं होतं, आणि कॉम्पॅक या नव्या कंपनीने तसंच बायोस कसं उभं केलं तो किस्सा वाचण्यासारखा आहे. एका गटाने मूळ बायोस काय काय करतं ते लिहून काढलं. दुसऱ्या गटाने मूळ कोड डोळ्यांनीही न बघता, नुसत्या त्या वर्णनावरून नवीन बायोस लिहिलं. कोर्टात कुणी 'नक्कल' म्हणायला नको. १९८३ मध्ये त्यांची पोर्टेबल मशीन विकायला लागली आणि मागोमाग नकलांची रांग लागली. प्रत्येक नकलेला डॉस हवी, आणि ती विकणारं दुकान एकच.

त्याच वर्षी लोटस १-२-३ हे आकडेमोडीचं, एक्सेलसारखं सॉफ्टवेअर आलं. वेगासाठी ते डॉसला न विचारता थेट स्क्रीनच्या मेमरीत लिहायचं. त्यामुळे ज्या मशीनवर डॉस चालायची, पण जी आतून हुबेहूब आयबीएमसारखी नव्हती, ती सगळी बाद. गिऱ्हाईक विचारायचं, "लोटस चालतं का?" डॉसबद्दल कुणी चौकशी करत नव्हतं.

पुढे मायक्रोसॉफ्टने मशीन बनवणाऱ्यांशी प्रोसेसरमागे परवाना असे करार केले. जितक्या मशीन विकाल तितक्या डॉसचे पैसे भरायचे, मग एखाद्या मशीनवर तुम्ही दुसरी सिस्टीम घातली असली तरी. किल्डॉलच्या कंपनीची डीआर-डॉस चांगली होती, स्वस्त होती. पण ती घेणारा उत्पादक दोनदा पैसे मोजत होता. अमेरिकी न्याय खात्याने हा प्रकार १९९४ च्या समझोत्यात बंद करायला लावला, तोवर विंडोज ३.१ घरोघरी पोचलं होतं.

तर माझं म्हणणं असं, की ऑपरेटिंग सिस्टीम निवडतो तो डबा, म्हणजे मशीन, विकणारा, आणि वापरणाऱ्याला तिथे धरून ठेवतं ते भलतंच एखादं सॉफ्टवेअर. येऊ द्या मतं.

---

तिरकस_तात्या

गॅसचा सिलिंडर घ्यायला गेलं की एजन्सीवाला शेगडी गळ्यात मारायचा, त्यातलाच प्रकार.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. लिनक्सवाले अजून कसे आले नाहीत?

---

खिळे_ते_पिक्सेल

भलतंच सॉफ्टवेअर म्हणालात ना, त्या भलत्या सॉफ्टवेअरवर माझं घर चालतं. :)

मी पुण्यात डीटीपी करते. दिवाळी अंक, पुस्तकं, लग्नपत्रिका, नगरसेवकांचे फ्लेक्स, जे येईल ते. आमच्या धंद्याची त्रिमूर्ती म्हणजे पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि श्री-लिपी. काहींकडे श्री-लिपीऐवजी सी-डॅकचं आयएसएम किंवा आकृती. तिन्ही देव विंडोजच्या देवळात. मराठी टायपिंगच्या पॅकेजबरोबर एक कुलूप यायचं, मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं. ते निघालं की मराठी बंद. त्या कुलपाचा ड्रायव्हर विंडोजचा, मग बाकी चर्चाच संपली.

पण त्याहून मोठं कुलूप फाँटचं. युनिकोडच्या आधीचे हे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली मराठी अक्षरं. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. आज माझ्याकडे एका नियतकालिकाच्या जुन्या अंकांच्या फायली आहेत, सगळ्या त्या फाँटमध्ये. कन्व्हर्टर आहेत, नाही असं नाही. पण रफार एक अक्षर पुढे सरकतो, 'ऱ्या' चा 'र्या' होतो, ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. चारशे पानांचं पुस्तक कन्व्हर्ट केलं की पुन्हा पहिल्यापासून प्रूफ वाचा. त्याचे पैसे कोण देणार, लेखक?

मला लिनक्सचं वावडं नाही. घरच्या लॅपटॉपवर मिंट आहे, मुलगी वापरते. दुकानात मात्र शक्य नाही.

---

रविवारचा_सीए

खिळेताई, +१. तुमच्या श्री-लिपीच्या जागी हिशेबाचं टॅली घाला, आमची कथा तयार.

टॅली ४.५ डॉसवर चालायचं. त्या काळात शिकलेला अकाउंटंट आजही माउसला हात लावत नाही. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स. बोटं आपोआप जातात. टॅली विंडोजवर आलं तेव्हा दिसणं बदललं, पण या कळा त्याच राहिल्या, म्हणून माणसं निमूट आली. मार्केट यार्डातल्या अडत्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय हे ठाऊक नसतं. त्याचं टॅली कशावर चालतं ते त्याच्या हिशेबनीसाला विचारा, हिशेबनीस मला विचारेल आणि मी म्हणेन, "विंडोज घ्या, उगाच डोक्याला ताप नको." झाली निवड. म्हणजे तुमच्या डबा विकणाऱ्याच्या जोडीला सल्ला देणाराही धरा.

---

कोल्हापुरी_पेंग्विन

आलो तात्या, आलो.

बूटसेक्टर, लेख झकास, पण तुमचा सिद्धांत अर्ध्याच जगाला लागू पडतो. युनिक्स कुठल्या डब्याबरोबर आलं? एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीवर सरकारशी झालेल्या १९५६ च्या समझोत्याने बंधन होतं, की दूरसंचार सोडून इतर धंद्यात पडायचं नाही. तिच्याच बेल लॅब या प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स सुरू केलं, पण कंपनीला ते माल म्हणून विकताच येईना. मग विद्यापीठांना नाममात्र पैशात, सोर्सकोडसकट (म्हणजे मूळ लिहिलेल्या प्रोग्रामसकट) देऊन टाकलं. १९७३ पर्यंत ते सी भाषेत पुन्हा लिहून झालं होतं, त्यामुळे वेगळ्या मशीनवर नेणं आवाक्यात आलं. बर्कले विद्यापीठाच्या पोरांनी त्यात स्वतःची भर घातली, तीच बीएसडी. ती पोरं शिकून नोकरीला लागली तेव्हा युनिक्स सोबत घेऊन गेली. कुणीही कुणाच्या गळ्यात मारलं नाही.

लिनक्सचंही तेच. ऑगस्ट १९९१ मध्ये लिनस तोरवाल्ड्सने 'छंद म्हणून करतोय' असं लिहून ते जाहीर केलं. त्या सुमारास बीएसडी तांत्रिकदृष्ट्या कितीतरी पुढे होती. पण १९९२ मध्ये तिच्यावरून युनिक्सच्या मालकांनी दावा ठोकला, तो मिटायला १९९४ उजाडलं. ती दोन वर्षं लिनक्सला मोकळं रान मिळालं. खुद्द तोरवाल्ड्स म्हणालाय की ३८६बीएसडी (पीसीवर चालणारी बीएसडी) तेव्हा हाताशी असती तर मी कदाचित लिनक्स केलंच नसतं. आज जगातले सर्व्हर बहुतांशी लिनक्सवर आहेत, आणि ते चालवणाऱ्या लोकांनी ते समजून उमजून निवडलंय.

---

बूटसेक्टर

पेंग्विनभाऊ, मान्य. पण तुमच्या उदाहरणात वापरणारा आणि निवडणारा एकच माणूस आहे, आणि तो प्रोग्रामर आहे. सर्व्हरला टॅली लागत नाही, लग्नपत्रिका छापायची नसते. शिवाय हजार सर्व्हरचा परवाना म्हणजे हजारपट पैसे, हे त्याला रोज दिसतं. घरच्या पीसीत विंडोजची किंमत लॅपटॉपच्या किमतीत मुरलेली, ती कुणाला दिसते?

---

लाल_शाईचा_साहेब

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो. आमच्याकडे ऑपरेटिंग सिस्टीम डबा विकणाऱ्याने निवडली नाही, अकाउंटंटनेही नाही. ती निविदेने निवडली.

बँकांच्या यांत्रिकीकरणावर रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. त्यानंतर शाखांसाठी जी यंत्रं घेतली गेली त्यात युनिक्सची अट होती. त्या एका अटीमुळे देशातल्या संगणक कंपन्यांनी झाडून युनिक्सची यंत्रं बनवायला घेतली, कारण बँकांएवढं मोठं गिऱ्हाईक दुसरं कोण होतं? आपल्याकडे युनिक्स जाणणाऱ्या इंजिनिअरांची एक अख्खी पिढी त्यातून तयार झाली. ती पुढे अमेरिकेला कामाला गेली, तो वेगळा विषय.

शाखेत आमच्यापुढे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवणारं टर्मिनल असायचं. कारकुनाला विचाराल "युनिक्स वापरता का?" तर तो म्हणायचा, "नाही, लेजर पोस्टिंग करतो." युनियनची आधी कडक हरकत होती, करार झाले, भत्ता ठरला, मग पोस्टिंग सुरू झालं. यंत्राची जात कुणी विचारली नाही, भत्त्याची रक्कम सगळ्यांनी विचारली.

रेल्वे आरक्षणाचं बघा. १९८५-८६ मध्ये दिल्लीत डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर ते सुरू झालं, व्हीएमएस ऑपरेटिंग सिस्टीमवर. ती बनवणारी कंपनी विकली गेली, जिने घेतली तीही विकली गेली, तरी आरक्षणाची व्यवस्था पुढे कित्येक दशकं व्हीएमएसवरच. रोज लाखो लोक नकळत ती वापरत होते. एकदा चाललेल्या गाडीचं चाक कोण बदलणार?

---

तिरकस_तात्या

साहेब, भत्त्याचं वाक्य फ्रेम करून लावतो.

---

ग्रँटरोड_पूर्व

सगळे करार, निविदा, समित्या बोलताहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचं, संगणकाच्या बाजाराचं, नाव कुणी घेईना, म्हणून लॉग-इन केलं.

नव्वदीच्या शेवटी आणि दोन हजारनंतर मध्यमवर्गीय घरात आलेला पीसी ब्रँडेड नव्हताच, असेम्बल्ड होता. कॅबिनेट, मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क यांच्या किमती कागदावर खाली खाली लिहिलेल्या. सगळ्यात शेवटी दुकानदार विचारायचा, "सॉफ्टवेअर काय काय टाकू?" विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, दोन गेम, एक अँटिव्हायरस. किंमत शून्य. सीडीवर मार्करने 'प्रॉडक्ट की'चा नंबर लिहिलेला. लिनक्स फुकट आहे हा त्याचा सगळ्यात मोठा गुण आपल्या बाजारात गुणच नव्हता, कारण विंडोजही फुकटच होतं!

बिल गेट्सने १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात चीनबद्दल बोलताना अशा अर्थाचं म्हटलं होतं, की चोरणारच असतील तर आमचं चोरू देत, सवय लागेल, वसुली कशी करायची ते पुढच्या दशकात बघू. एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, अ‍ॅक्टिव्हेशन, म्हणजे प्रत खरी आहे का याची कंपनीकडून तपासणी, आलं. २००५ मध्ये भारतासाठी हिंदी एक्सपी स्टार्टर एडिशन काढली, एका वेळी तीनच प्रोग्राम उघडायची परवानगी. शेजारच्या दुकानात अख्खं एक्सपी फुकट मिळत असताना तीन प्रोग्रामवालं पैसे देऊन कोण घेणार होतं?

आणि मराठीबद्दल. एक्सपीत देवनागरी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीत खूण करावी लागायची, मग ते मूळ सीडी मागायचं. ती मार्करवाली सीडी घरात शोधत फिरलेले लोक या धाग्यावर नक्की असतील.

---

शब्दवेल्हाळ

हात वर! :) आणि मग मराठी टाइप करायला बरहा उतरवून घ्यायचं. तेही फक्त विंडोजवर. मराठी ब्लॉग लिहायचा तर दुसरा मार्ग नव्हता म्हटलं तरी चालेल.

---

खडू_आणि_माउस

शिक्षण विसरलात सगळे. मी तालुक्याच्या ठिकाणी संगणक शिकवतो. एमएस-सीआयटी आलं आणि सरकारी नोकरीला संगणकाचं प्रमाणपत्र लागायला लागलं. आमच्या भागातल्या कितीतरी मुलींनी, गृहिणींनी, शिपायांनी पहिल्यांदा माउस धरला तो त्या वर्गात, हे मोठंच काम झालं. पण शिकले काय? स्टार्ट बटण, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. परीक्षेत विचारणार तेच आम्ही शिकवणार, आणि ऑफिसमध्ये गेल्यावर साहेब मागणार तेच. वर्ड-एक्सेलच्या जागी फुकटचं लिबरऑफिस उघडून दिलं की "सर, हे डुप्लिकेट आहे का?" असा प्रश्न येतो.

---

कोल्हापुरी_पेंग्विन

मास्तर, म्हणूनच केरळकडे बघा. तिथल्या सरकारी शाळांनी २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकाचं शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं आणि आजतागायत टिकवलं. नुसती सीडी वाटली नाही. आधी शिक्षकांना शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्यावर लिहिली, दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा त्यावर घेतली, गणिताला जिओजेब्रा, रसायनशास्त्राला कॅल्झियम दिलं. शाळेत नवीन मशीन घ्यायची तर त्यावर हीच सिस्टीम चालली पाहिजे, असं खरेदीपासून ठरलेलं. याउलट सी-डॅकने २००७ मध्ये बॉस लिनक्स काढलं. त्यात मराठीसकट भारतीय भाषा होत्या, वाईटही नव्हतं. पण कुठल्या परीक्षेला ते लागत होतं? कुठल्या खात्याचं काम त्याच्यावाचून अडत होतं? दरवर्षी-दोन वर्षांनी 'स्वदेशी ऑपरेटिंग सिस्टीम' अशी बातमी येते आणि त्या बातमीतच ती संपते.

---

इसारकाठी

म्युनिकहून लिहितेय, त्यामुळे गप्प बसवत नाही. आमच्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. ते टळावं म्हणून मायक्रोसॉफ्टचा प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटून गेला होता. २०१३ पर्यंत जवळजवळ १५ हजार संगणक हलवले. म्हणजे डबाही त्यांच्या हातात, निविदाही त्यांचीच. तरी २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजवर परतायचं ठरवलं.

इथे लोक दोन गोष्टी सांगतात. एक राजकीय, की महापौर बदलले. दुसरी ऑफिसातली. राज्य सरकारकडून, नागरिकांकडून येणारी प्रत्येक वर्ड फाइल उघडली की रकाने हलायचे. काही खास कामांची सॉफ्टवेअर विंडोजचीच होती, म्हणून काही मशीन कायमच विंडोजवर राहिल्या, आणि दोन्ही सांभाळायची वेळ आली. माझ्या मते यात लिनक्सचा दोष थोडा, एकट्याने वेगळं व्हायची किंमत जास्त. आजूबाजूची सगळी गावं विंडोजवर असताना एक शहर निराळं राहू शकत नाही. आता उत्तरेकडचं श्लेस्विग-होल्स्टाइन अख्खं राज्य तो प्रयोग करतंय. त्यांनी आधी लिबरऑफिस आणि ईमेल बदलायला घेतलं आणि लिनक्स शेवटी ठेवलं. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

---

वॉर्प_३

माझा आयडी बघून कळलंच असेल मी कशासाठी आलोय. ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टीमला (वॉर्प ३ ही तिचीच आवृत्ती) विसरून ही चर्चा होऊच शकत नाही.

आयबीएम आणि मायक्रोसॉफ्टने मिळून काढलेली, १९८७ ची. पुढे दोघांचं फाटलं. १९९२ मध्ये आयबीएमने २.० काढली, ती विंडोज ३ पेक्षा कितीतरी भक्कम होती. एक प्रोग्राम लटकला तर अख्खी मशीन झोपत नसे. आणि आयबीएमने अभिमानाने जाहिरात केली, की यात डॉसचे प्रोग्राम डॉसपेक्षा आणि विंडोजचे विंडोजपेक्षा चांगले चालतात. खरंही होतं. इथेच घात झाला. सॉफ्टवेअर कंपन्यांनी हिशेब केला, की विंडोजसाठी एकदाच लिहिलं तर दोन्हीकडे चालतं, मग ओएस/२ साठी वेगळं कशाला लिहा? स्वतःचे प्रोग्रामच नाहीत, तर माणूस ती घेणार कशाला? पुढे ती कुठे उरली तर बँकांच्या एटीएममध्ये.

याच खेळात मायक्रोसॉफ्ट किती तरबेज होतं त्याचा नमुना. विंडोजवरच्या सिमसिटी या गेममध्ये एक चूक होती, मोकळी करून टाकलेली मेमरी तो पुन्हा वाचायचा. जुन्या विंडोजमध्ये ते खपून जायचं, नव्यात कोसळायचं. चूक गेमवाल्यांची. पण विंडोज ९५ च्या टीमने, सिमसिटी चालू आहे का ते ओळखून, असेल तर मेमरी लगेच परत घ्यायची नाही, अशी सोय खुद्द ऑपरेटिंग सिस्टीममध्ये करून ठेवली. कारण ९५ टाकल्यावर गेम बंद पडला तर शिव्या विंडोजला बसणार. शुद्ध अभियांत्रिकीच्या दृष्टीने लाज वाटावी असं काम, आणि माझ्या मते विंडोज पसरायचं सगळ्यात प्रामाणिक कारणही तेच. करारबिरार ठीक आहेत, पण जुनं चालू ठेवायची अशी खटपट आयबीएम किंवा अ‍ॅपलने कधी केली?

---

बूटसेक्टर

वॉर्पकाका, हा प्रतिसाद मूळ धाग्यापेक्षा भारी आहे. मायक्रोसॉफ्टवरच्या अमेरिकेतल्या १९९८ च्या खटल्यात न्यायाधीश जॅक्सन यांनी नेमकं हेच मांडलं होतं. लोक विंडोज घेतात कारण प्रोग्राम तिथे आहेत, आणि प्रोग्राम तिथेच लिहिले जातात कारण लोक तिथे आहेत. बाहेरच्याला आत शिरायला फटच नाही.

---

दोन_सिमवाला

फट नाही कशी? मोबाईलवर पडलीच की. आणि तिथे तर निकाल डोळ्यांदेखत लागला, आपण सगळे साक्षीदार आहोत.

२००८ मध्ये भारतात स्मार्टफोन म्हणजे नोकिया, नोकिया म्हणजे सिंबियन ही ऑपरेटिंग सिस्टीम. गूगलने २००५ मध्येच अँड्रॉइड नावाची छोटी कंपनी घेऊन ठेवली होती, पहिला फोन २००८ च्या शेवटी अमेरिकेत आला. आपल्याकडे ते खऱ्या अर्थाने पसरलं मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा यांच्यामुळे, आणि त्यांच्या मागे मीडियाटेकची चिप. मीडियाटेक चिपबरोबर बोर्डाचा आराखडा आणि त्यावर बसवलेलं अँड्रॉइड असं सगळं तयार द्यायचं. फोन कंपनीने कव्हर, बॅटरी आणि आपलं नाव घालायचं. ऑपरेटिंग सिस्टीमला पैसे नाहीत. तिकडे मायक्रोसॉफ्ट विंडोज फोनचा परवाना विकत बसलं होतं. धागाकर्ते, इथे डबेवाल्यानेच निवडलं, तुमचा मुद्दा पक्का.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या अँड्रॉइडवर मराठी धड दिसायचं नाही. चौकोन दिसायचे, नाहीतर जोडाक्षरं फुटलेली. त्यावर उपाय ऑपेरा मिनीमध्ये. पत्त्याच्या जागी ऑपेरा-कॉन्फिग टाकायचं आणि खालचा बिटमॅप फाँटचा पर्याय चालू करायचा. मग मजकूर चित्र होऊन यायचा. मराठी संकेतस्थळं मी कित्येक महिने अशी वाचली आहेत. अँड्रॉइड ४.० च्या आसपास देवनागरी नीट आली. म्हणजे आपली भाषा दिसत नसतानाही आपण तोच फोन घेतला. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी याचा विचार करावा.

नंतर किती जण येऊन गेले बघा. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सचा फायरफॉक्स ओएसवाला फोन, १,९९९ रुपयांत. जानेवारी २०१५ मध्ये सॅमसंगचा टायझन या निराळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवरचा झेड१, ५,७०० रुपयांत. कंपनी मोठी, किंमत कमी, जाहिरातही जोरात. फायरफॉक्सवाल्यावर व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं. विषय संपला. आणि २०१७ मध्ये जिओफोन आला तो कायओएसवर, जो त्याच फायरफॉक्स ओएसच्या वंशातला. तो मात्र कोट्यवधींनी खपला. फरक काय? १,५०० रुपये अनामत, सोबत जिओचं सिम आणि ४जी डेटा. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही आलं, कारण इतकी माणसं एका ठिकाणी जमल्यावर व्हॉट्सअ‍ॅपलाच तिथे जावं लागलं. कायओएस हे नाव ज्याच्या हातात तो फोन होता त्यातल्या किती जणांनी ऐकलं असेल?

---

रविवारचा_सीए

अँड्रॉइड 'फुकट' यावर एक शेरा. गूगलचं प्ले स्टोअर हवं तर बाकी अ‍ॅपही ठरलेल्या जागी बसवायची, आणि अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती काढायची नाही, असे करार होते. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याबद्दल १,३३७.७६ कोटी दंड ठोकला. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, काही निर्देश मात्र रद्द झाले. १९९४ च्या प्रोसेसरमागे परवान्याचीच ही पुढची आवृत्ती म्हणायची, फक्त पैशाऐवजी जागा मागितली.

---

तिरकस_तात्या

इतकी साधकबाधक चर्चा आणि अजून एकही आयडी उडाला नाही? संपादक मंडळ झोपलंय का?

---

खडू_आणि_माउस

तात्या, थांबा, माझा खराखुरा प्रश्न आहे. आमच्या गावच्या वाचनालयात सहा संगणक आहेत, सगळे विंडोज १०. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, ते यांच्यात नाही. नवीन घ्यायला पैसे नाहीत. एकावर ग्रंथपालाचं पुस्तक-नोंदणीचं जुनं सॉफ्टवेअर आहे, एका मशीनवर अहवाल श्री-लिपीत टाइप होतो. बाकी चारवर मुलं अर्ज भरतात आणि यूट्यूब बघतात. काय करू?

---

कोल्हापुरी_पेंग्विन

चारवर बिनधास्त मिंट टाका. आधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय आणि आवाज तपासा. ब्राउझरचं चिन्ह मधोमध ठेवा, मुलांना फरक कळणारही नाही. नोंदणीवाल्या आणि श्री-लिपीवाल्या मशीनला हात लावू नका. त्यांचं इंटरनेट काढा आणि आहे तसं चालू द्या.

---

खिळे_ते_पिक्सेल

श्री-लिपीवालीचा बॅकअप घ्या आणि फाँटच्या फायलीही सोबत कॉपी करा. नुसत्या अहवालाच्या फायली ठेवून उपयोग नाही.

---

ग्रँटरोड_पूर्व

मास्तर, ते अर्ज भरतात म्हणजे प्रिंटही काढणार. प्रिंटर कुठला आहे? मिंट टाकायच्या आधी मॉडेल नंबर इथे लिहा.